किती वेळा, किती आणि काय? मधुमेहाच्या ताटाचा वाद कुठवर आला

थंडी पडली की सुरतच्या भाजीबाजारात कतारगामची पापडी येते. कतारगामात ज्या जमिनीवर ती पिकायची, त्यातल्या बहुतेक जमिनीवर आता हिऱ्यांचे कारखाने आणि सोसायट्या उभ्या आहेत. तरी नाव टिकले आहे, आणि त्या नावावर भावही सांगितला जातो. दाणे भरलेली ही कोवळी शेंग म्हणजे उंधियू या मिश्र भाजीचा जीव. कडधान्याच्या कुळातली असल्यामुळे तिच्यात प्रथिने आणि तंतू दोन्ही चांगले असतात. पण त्याच भांड्यात जांभळा कंद, रताळे, बटाटा, मेथीचे तळलेले मुठिये असतात आणि वर बोटभर तेल तरंगत असते. उत्तरायणाला शेजारी पुरी आणि जिलेबी ठरलेली. मधुमेह्याने उंधियू खावा का, या प्रश्नावर डॉक्टर 'खा' म्हणाले तरी बरोबर ठरतात, 'नको' म्हणाले तरी बरोबर ठरतात.

जेवावे सुरतेत आणि मरावे काशीत, अशा अर्थाची म्हण मिरवणाऱ्या या शहरात आहाराने आजार रोखण्याची भाषा काहीशी अवघडच. कतारगाम आणि वराछामध्ये हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर मुख्यतः सौराष्ट्रातले, भावनगर-अमरेलीकडचे. बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, खिचडी-कढी, ताक हे त्यांचे घरचे जेवण शेतात राबणाऱ्याला साजेसे होते. इथे एका 'घंटी'भोवती, म्हणजे पैलू पाडायच्या फिरत्या चकतीच्या मेजाभोवती, चौघे बसतात आणि डोळ्याला भिंग लावून दिवस काढतात. मजुरी बहुधा नगावर, त्यामुळे उठणे म्हणजे पैसे बुडवणे. मधल्या वेळेला गोड चहा आणि गाठिया. गाठियात बेसन असते हे खरे, पण मीठ, पापडखार आणि तळणीचे तेलही असते. शहराच्या दुसऱ्या टोकाला लिंबायत, उधना, डिंडोली भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली खानदेशी कुटुंबे राहतात. त्यांच्या ताटात कळण्याची भाकरी आणि भरीत अजून आहे, पण रोजची सवय पोळी-भाताकडे सरकली आहे. श्रम घटले, धान्य तेवढेच राहिले आणि ते पूर्वीपेक्षा बारीक दळले जाऊ लागले. देशातल्या किती तरी शहरांत हेच घडले.

त्याचे मोजमाप भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' सर्वेक्षणाने केले. 2008 ते 2020 या काळात टप्प्याटप्प्याने झालेल्या या सर्वेक्षणाचे राष्ट्रीय आकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही, म्हणजे प्रौढांतले 11.4 टक्के, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणखी 13 कोटी 60 लाख, उच्च रक्तदाब 35.5 टक्के प्रौढांना. राज्यांमध्ये गोवा सगळ्यांत वर, 26.4 टक्के. एवढ्या लोकांना आयुष्यभर गोळ्या पुरवण्यापेक्षा ताट बदलणे स्वस्त पडेल, असे कोणालाही वाटेल. कोणते ताट, यावर मात्र गेली दहा-पंधरा वर्षे वाद चालू आहे आणि मराठी घरांइतका तो क्वचितच कुठे रंगला असेल.

जुनी मुळे

आहाराने प्रमेह आटोक्यात ठेवायचा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेत प्रमेही माणसाच्या आहारात जवाला मानाचे स्थान आहे, आणि रोग्यांचे स्थूल आणि कृश असे दोन प्रकार मानून त्यांचे उपचारही वेगळे सांगितले आहेत. सुश्रुताने चालण्यावर भर दिला. पाश्चात्त्य वैद्यकात इन्सुलिन हाती येण्याआधी, म्हणजे 1922 पूर्वी, अमेरिकेतले फ्रेडरिक अ‍ॅलन रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवत. त्याने काहींचे आयुष्य थोडे लांबले, पण रुग्ण हाडांचे सापळे होत. इन्सुलिन आले आणि आहार मागे पडला. 'गोड बंद करा' एवढाच सल्ला पुढची कित्येक वर्षे पुरला.

भारतात पोषणशास्त्राचा पाया रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी 1918 मध्ये कुन्नूरला घातला. निरनिराळ्या प्रांतांतली जेवणे उंदरांना खाऊ घालून त्यांची वाढ तपासण्याचे त्यांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. तीच संस्था पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिचा पहिला अर्धा जन्म कुपोषणाशी झगडण्यात गेला. पोट भरायचे कसे, हा प्रश्न असताना जास्त खाण्याचे आजार कोण विचारात घेणार?

वळण आले ते पुण्यात. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची, पण वजनातला हा फरक मांसपेशींत जास्त आणि त्वचेखालच्या चरबीत कमी होता. हडकुळे दिसणारे बाळ चरबी मात्र राखून जन्माला येत होते. 2004 मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच एक छायाचित्र छापले. दोघांचा देहमानांक अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. वजनकाट्यावर सारखी असलेली दोन माणसे आतून किती वेगळी असतात, हे दाखवायला एवढे पुरले. 'मी कुठे जाड आहे' म्हणणाऱ्या मराठी मध्यमवर्गाचा आधार त्या एका फोटोने काढून घेतला.

दोनदा की दर दोन तासांनी

लोकांपर्यंत वाद पोचला तो मात्र वेगळ्या वाटेने. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार आपल्या भाषणांतून दोनदाच जेवण्याचा आग्रह धरत. इन्सुलिन वारंवार स्रवू द्यायचे नसेल तर वारंवार खायचे नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. 2004 मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी त्याच कल्पनेला शिस्तीत बसवले. कडक भूक लागेल अशा दोन वेळा ठरवायच्या, जेवण 55 मिनिटांत संपवायचे, मधल्या काळात पाणी, पातळ ताक, बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा चहा चालेल, रोज 45 मिनिटे चालायचे आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन व तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासायची. सल्ल्याचे पैसे नाहीत, विकायला पावडर नाही. हॉल भरले, व्हॉट्सअ‍ॅपचे गट भरले, राज्य सरकारनेही लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी त्यांनाच पुढे केले. लग्नाच्या पंगतीत 'माझं दीक्षित चालू आहे' म्हटले की यजमान आग्रह सोडू लागले. आहारशास्त्राला एवढे सामाजिक यश क्वचितच मिळते.

दुसऱ्या बाजूला मुंबईच्या ऋजुता दिवेकर. 2009 मधल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाने 'दर दोन तासांनी थोडे खा' हे सूत्र घरोघर नेले. पुढे त्यांचा भर तूप, भात, स्थानिक फळे, हंगामी भाज्या आणि आजीच्या स्वयंपाकघरावर गेला. अन्नाची भीती बाळगू नका, पाकिटातल्या 'डाएट' पदार्थांपेक्षा घरचा वरणभात बरा, हे त्यांचे म्हणणे. कतारगामच्या पापडीला या मांडणीत मानाचे पान आहे, कारण ती हंगामात येते आणि जवळ पिकते.

दोघांचे चाहते एकमेकांवर तुटून पडत असले, तरी दोन्ही सल्ल्यांतला सामाईक भाग मोठा आहे. साखर कमी, पाकिटातले खाणे कमी, चालणे जास्त, जेवणाची वेळ नक्की. भांडण उरते ते किती वेळा यावर, आणि नेमक्या त्याच मुद्द्यावर पुरावा पातळ आहे.

प्रागच्या संशोधकांनी 2014 मध्ये 54 मधुमेह्यांवर केलेला प्रयोग दोनदा जेवणाऱ्यांच्या बाजूने नेहमी सांगितला जातो. तेवढ्याच उष्मांकांची दोन मोठी जेवणे घेणाऱ्यांचे वजन सहा छोटी जेवणे घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले, 3.7 किलो विरुद्ध 2.3. मात्र ती दोन जेवणे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण अशी होती. आपल्याकडे दुपार आणि रात्र निवडली जाते, रात्रीचे ताट बहुधा सर्वांत मोठे असते. हा फरक सांगायचा राहून जातो. उलट बाजूने, चीनमधल्या ग्वांगझूच्या 139 लठ्ठ व्यक्तींवरचा वर्षभराचा प्रयोग 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना उष्मांक सारखेच कमी केले होते, एका गटाने सकाळी 8 ते दुपारी 4 एवढ्याच वेळात खाल्ले. वजन दोन्ही गटांचे घटले, आणि वेळेच्या बंधनामुळे त्यात लक्षणीय भर पडली नाही. यावरून एवढेच म्हणता येते की घड्याळ हे कमी खाण्याचे साधन आहे. ज्याला ते साधन जमते त्याला फायदा होतो. घड्याळात स्वतंत्र जादू आहे की नाही, हे अजून ठरलेले नाही.

पीठ, डाळ आणि वजन

वेळांपेक्षा ताटातल्या मजकुराबद्दलचा पुरावा अधिक घट्ट आहे. इंडियाबच्याच आहारविषयक विश्लेषणात भारतीय माणसाला सरासरी 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून आणि जेमतेम 12 टक्के प्रथिनांतून मिळते असे दिसले. राष्ट्रीय पोषण संस्थेची मे 2024 मधली मार्गदर्शक तत्त्वे तृणधान्यांचा वाटा ऊर्जेच्या 45 टक्क्यांवर आणायला सांगतात. प्रत्यक्षात तो 50 ते 70 टक्के आहे. एकूण आजारांच्या ओझ्यातला 56.4 टक्के भाग अयोग्य आहाराशी जोडलेला आहे, असा अंदाजही याच दस्तऐवजात आहे.

इथे भाकरीवाल्यांना एक अनपेक्षित धक्का आहे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते आणि तेव्हापासून ज्वारी-बाजरी-नाचणीला सुगीचे दिवस आले. हैदराबादच्या इक्रिसॅटच्या संशोधकांनी 2021 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून, भरडधान्ये खाणाऱ्या मधुमेह्यांची साखर 12 ते 15 टक्के कमी दिसते असा निष्कर्ष काढला. ही संस्था याच धान्यांवर काम करते, त्यामुळे स्वतंत्र पडताळणी हवी असे काहीजण म्हणतात, आणि ते वावगे नाही. त्यानंतर 2025 मध्ये आलेल्या इंडियाबच्या विश्लेषणाने वेगळीच गोष्ट पुढे आणली: मैदा किंवा पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच राहिले, तर मधुमेहाचा धोका घटलेला दिसत नाही. कर्बोदकांतली 5 टक्के ऊर्जा प्रथिनांकडे वळवली तेव्हा धोका कमी दिसला. थोडक्यात, दोन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या आल्या तर हाती काही लागत नाही. हे सर्वेक्षण आहे, प्रयोग नाही, म्हणून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे. खानदेशातला कळणा, म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेले पीठ, या दिशेने केव्हाच गेला होता. आता शास्त्र तिथे पोचते आहे.

प्रतिबंध होतो का, या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी नक्की आहे. अमेरिकेत 2002 मध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या प्रयोगात आहार आणि व्यायामाने मधुमेहाची शक्यता 58 टक्क्यांनी घटली, मेटफॉर्मिन या औषधाने 31. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी 531 भारतीयांवर तसाच प्रयोग केला. 2006 मधले आकडे असे: जीवनशैलीने 28.5 टक्के, औषधाने 26.4, दोन्ही मिळून 28.2. औषध आणि आहार एकत्र केल्याने वेगळा लाभ झाला नाही. परदेशाइतकी मोठी घट भारतात का दिसली नाही, याची उत्तरे शोधताना संशोधक पुन्हा याज्ञिकांच्या फोटोपाशी येतात: मुळात फारसे वजन नसलेल्या माणसाने वजन घटवायचे तरी किती?

'मुक्ती'चा प्रश्न

झालेला मधुमेह परतवता येतो का, हा खरा चुरशीचा भाग. ब्रिटनमधल्या रॉय टेलर आणि माइक लीन यांनी 'डायरेक्ट' प्रयोगात रुग्णांना तीन ते पाच महिने रोज सुमारे 850 उष्मांकांच्या द्रवाहारावर ठेवले. वर्षाअखेर 46 टक्के जण औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आले. 15 किलो किंवा अधिक वजन उतरवणाऱ्यांत तर 86 टक्के. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण 36 टक्क्यांवर उतरले. पाच वर्षांच्या पाठपुराव्यात राहिलेल्यांपैकी 13 टक्केच त्या स्थितीत उरले. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की इन्सुलिनची यंत्रणा सावरते आणि वजन परतले की आजार परततो, असे टेलर सांगतात.

पुण्यातल्या डॉ. प्रमोद त्रिपाठी यांच्या 'फ्रीडम फ्रॉम डायबेटीस'ने वनस्पतिजन्य आहार, व्यायाम आणि मनाचे व्यवस्थापन यांची सांगड घालून हजारोंना असा अनुभव दिल्याचे म्हटले जाते. दीक्षितांच्या अनुयायांचेही दावे तसेच आहेत. टीका अशी की अनुभव सांगणारे पुढे येतात, मध्येच सोडून गेलेले मोजणीत येत नाहीत. तुलनेसाठी दुसरा गट नसला तर श्रेय नेमके कशाला, हे ठरवणे अवघड. समर्थकांचा प्रतिप्रश्नही रास्त आहे: औषधकंपन्या ज्यावर पैसे लावणार नाहीत अशा उपायाचा प्रयोग करायचा कोणाच्या खर्चाने?

शब्दांवर तरी एकमत झाले. 2021 च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार औषधे थांबवल्यावर किमान तीन महिने एचबीएवनसी 6.5 टक्क्यांच्या खाली असेल तर त्याला उपशम म्हणायचे. बरा झाला असे म्हणायचे नाही, आणि तपासण्या चालू ठेवायच्या.

जिथे सावधगिरी हवी

या साऱ्या गदारोळात काही धोके दबून जातात. सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण गाळले तर साखर एकदम घसरते. एसजीएलटी-2 गटातली औषधे घेणाऱ्याने कर्बोदके पार तोडली तर रक्तात आम्ल साचण्याची भीती असते, आणि अशा वेळी साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. मूत्रपिंड कमजोर झालेल्याला 'प्रथिने वाढवा' हा सरसकट सल्ला नडतो. गरोदर स्त्रिया, मुले आणि पहिल्या प्रकारचे मधुमेही यांना दोनदा जेवण्याच्या प्रयोगातून दीक्षित स्वतःही वगळतात; मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशातून नेमकी ही ओळ गळलेली असते.

शाकाहारी कुटुंबांसाठी, म्हणजे सुरतेत फार मोठ्या समाजासाठी, आणखी एक गोष्ट. बी-12 जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, त्याची कमतरता याज्ञिकांच्या अभ्यासात ठळक दिसली, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ती वाढते. पाय बधिर होणे मधुमेहानेही होते, बी-12 कमी पडल्यानेही होते. तपासल्याशिवाय कळत नाही.

उपासाचे म्हणावे तर 'एकादशी दुप्पट खाशी' हे आपल्याच लोकांनी सांगून ठेवले आहे. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाऊन केलेला उपास साखरेच्या दृष्टीने मेजवानीच असतो.

रक्तदाबाबाबत चित्र पुष्कळ स्वच्छ आहे. चीनच्या 600 खेड्यांतल्या सुमारे 21 हजार लोकांवर केलेल्या प्रयोगात नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियममिश्रित मीठ दिले. 2021 मध्ये निष्कर्ष आला की पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाच्या रुग्णांना मात्र हे मीठ चालत नाही. पापड, लोणचे आणि फरसाण असलेल्या आपल्या ताटात मीठ स्वयंपाकघराबाहेरूनही बरेच येते, त्यामुळे घरची बरणी बदलून तेवढाच परिणाम होईल का, हे पाहावे लागेल.

काय सुटलेले नाही

अमेरिकन मधुमेह संघटनेच्या 2019 मधल्या सहमती अहवालाने कर्बोदके, प्रथिने, मेद यांचे सर्वांना लागू पडणारे एकच प्रमाण नाही असे म्हटले. याचा अर्थ काहीही चालते असा नव्हे. वजन, पोटाचा घेर, दळलेल्या धान्याचा वाटा, प्रथिने, मीठ आणि टिकाऊपणा या बाबतींत सगळ्या छावण्या आज पूर्वीपेक्षा जवळ आहेत. दूर आहेत त्या तीन ठिकाणी.

पहिले, दोन जेवणांच्या पद्धतीची भारतीयांवर, तुलनात्मक गटासह, काही वर्षे चाललेली मोठी चाचणी हवी. दोन्ही बाजू तशी मागणी करतात. हाती आहेत ते मुख्यतः छोटे अभ्यास. दुसरे, बारीक अंगाच्या मधुमेह्याचे काय करायचे? युरोपातले वजन उतरवण्याचे यश त्याला कितपत लागू, आणि त्याने चरबी उतरवताना मांसपेशी कशा राखायच्या, यावर काम अजून कोवळे आहे.

तिसरे ठिकाण दवाखान्याबाहेर आहे. घंटीवर बसणाऱ्या किंवा पाळीत राबणाऱ्या माणसाची जेवणाची वेळ त्याच्या हातात नसते. 45 मिनिटे चालायला वेळ कुठून काढायचा आणि जेवणातले पीठ कमी करून डाळ, अंडे, पनीर घ्यायचे तर पैसा कुठून आणायचा, हे कोणत्याच आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात नीट आलेले नाही. सुमारे 81 कोटी लोकांना दरमहा माणशी 5 किलो धान्य मोफत देण्याची केंद्राची योजना 1 जानेवारी 2024 पासून पाच वर्षांसाठी वाढवली आहे. हे धान्य मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ काही राज्ये आपापल्या खर्चाने देतात. धान्याचा वाटा 45 टक्क्यांवर आणा असे सरकारचीच पोषण संस्था सांगते आणि सरकारचेच दुकान धान्य भरते. भुकेच्या दृष्टीने दुसऱ्याची गरज नाकारता येत नाही, आजाराच्या दृष्टीने पहिल्याची. डाळीला आणि भरडधान्याला रेशनमध्ये कायमची जागा द्यायची का, दिली तर कोणत्या भावाने, हा निर्णय वैद्यकीय परिषदांमध्ये होणारा नाही, आणि तो अजून झालेला नाही.